चौदा नंबरची फाईल

१

खोक्यात तेरा नंबरची फाईल होती, पंधरा नंबरची होती. चौदा नंबरची नव्हती.

जोन रॅटक्लिफबाईंनी तिसऱ्यांदा सगळ्या फायलींवरून बोटं फिरवली. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "इथंच होती," त्या म्हणाल्या. "मी स्वतः फीत बांधून ठेवली होती."

समोर उभ्या धम्मशीलाबाई गायसमुद्रे यांनी बाह्या सरसावल्या. लीड्सच्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्स सांभाळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. हरवलेली फाईल म्हणजे कुणा आळशानं भलत्या जागी कोंबलेली फाईल, हे त्यांचं पक्कं मत. त्यांनी अख्खं खोकं उपसलं, मग शेजारचं, मग त्या मांडणीवरची उरलेली अकरा. दोन तास गेले. चौदा नंबर कुठंही नव्हती, आणि हातात वेळ तर नव्हताच.

कारण तिकडे नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भीमराव पातारे वाट बघत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. बाईंना सख्ख्या बहिणीसारखं वागवलेलं. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती, फार तर दहा दिवस.

त्यांचे वडील लूकस पातारे १९३५ साली नगर जिल्ह्यातल्या खडकवाडीच्या सेमिनरीत दाखल झाले. इंग्लंडातल्या मिशनऱ्यांनी गावच्याच पोरांना पाद्री करायला काढलेली शाळा ती. महारवाड्यातलं पोर, अंगात पांढरा झगा, तोंडात लॅटिन. वस्तीला केवढं अप्रूप! आणि दोन वर्षांत पोर घरी परत. का, ते लूकसनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. गावानं आपलं आपण ठरवून टाकलं की यानं चर्चमधला चांदीचा पेला चोरला. पुढे ते शाळामास्तर झाले, छप्पन्न साली बौद्ध झाले, पण पाठीमागे 'चोरमास्तर' म्हणायचं कुणी सोडलं नाही. मास्तरांनी आयुष्यात एका पोराची तक्रार कधी हेडमास्तरांकडे नेली नाही, कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत. आणि अशा माणसाला हे नाव!

"शीला, बाप चोर होता का नव्हता, एवढं बघून ये," भीमराव म्हणाले होते. "मग मी सुटलो."

वीस वर्षं ते त्या मिशनऱ्यांच्या सोसायटीला पत्रं लिहीत होते. आता लीड्सबाहेरचं हे सोसायटीचं घर विकायला काढलं होतं, फ्लॅट्स होणार होते, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. निघताना भीमरावांनी बाईंच्या हातात वडिलांचा एक जुनाट पंचा ठेवला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं इंग्रजी आकडा भरलेला, चौदा. सेमिनरीत कपडे धुवायला टाकताना, जेवायला बसताना, सगळीकडे नंबरच. त्या चारच्या भोवती बारीक बारीक भोकं होती. कसर लागली असेल, असं बाईंना वाटलं. फायलींवरही नावं नव्हती, नुसते नंबर, म्हणून पंचा बघूनच जोनबाईंनी खोकं काढलं होतं.

"हरवली नाही ही," धम्मशीलाबाई अखेर म्हणाल्या. "कुणीतरी नेली. आणि बाकीच्या चाळीस सोडून नेमकी हीच नेली."

२

"कुणी म्हणजे कोण?" जोनबाई जवळपास रडवेल्या झाल्या. निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून तीन दिवस इथं फुकट राबायच्या.

"गेल्या आठवड्यात खोकं कुणी उघडलं?"

जोनबाईंनी भेटींची वही पुढे केली. बुधवारी रघुवीर, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा. गुरुवारी कुणी मिसेस ॲशवर्थ. शुक्रवारपासून कालपर्यंत कुलूप.

"ही ॲशवर्थ कोण?"

"अगदी गोड बाई. घराण्याची माहिती शोधत होती, बाप्तिस्म्याची रजिस्टरं मागितली. मी तिच्यासाठी चहा करायला गेले, तेवढीच काय ती एकटी होती."

"दिसायला कशी?"

जोनबाई घुटमळल्या. "अं… छान निळा कोट होता. पन्नाशीची असेल. फार सौम्य बोलणं."

यावर काय कपाळ बडवणार? धम्मशीलाबाईंनी ते नाव बाजूला ठेवलं आणि रघुवीरला गाठलं. पुण्याचा मुलगा. दोन खोल्या पलीकडे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. बाईंना बघताच त्यानं फोन पालथा घातला.

"फोन सरळ कर," बाई म्हणाल्या.

"काकू, तसं काही नाहीये—"

"मग सरळ कर."

परवानगी नसताना त्यानं अख्ख्या खोक्याचे फोटो काढले होते. बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. फोटोत तेरा, चौदा, पंधरा, सगळ्या जागेवर. आतली पानं मात्र नव्हती, नुसती वरची कव्हरं.

"आत काय होतं?"

"नाही वाचलं, आईशप्पथ. मला शिस्तीच्या नियमांवर चॅप्टर लिहायचाय, पोरांच्या फायलींना हातच लागला नाही अजून. ते नियम म्हणजे भयंकर होते, काकू. प्रत्येकाला वरच्या नंबरचा एक सोबती नेमून दिलेला असायचा. महिन्यातून एकदा त्या सोबत्याच्या चुका चिठ्ठीवर लिहून रेक्टरच्या पेटीत टाकायच्या. रेक्टर म्हणजे तिथला मुख्य फादर. कोरी चिठ्ठी चालायची नाही. कोरी टाकणारा गर्विष्ठ ठरायचा. घरची पत्रंसुद्धा उघडीच त्याच्याकडे द्यायची, तो वाचून मग पाठवायचा." जरा थांबून तो म्हणाला, "आणि जातीचं प्रकरण असेल ना, तर तुम्हाला ती फाईल आता मिळायची नाही. घर विकताना असली घाण कुणाला हवीय? वर राहतात त्या फादर हॉलमना विचारा. रजिस्टर त्यांच्याच खोलीत आहे."

"कसलं रजिस्टर?"

"नंबरासमोर नावं लिहिलेलं. जोनबाईंना वाटतं ते हरवलं. म्हातारा ते कुणाला हात लावू देत नाही."

३

जिना चढताना धम्मशीलाबाईंच्या डोक्यात नुसती आग होती. पोराला महार म्हणून हाकललं असणार, चोरीचं नाव दिलं असणार, आणि आता नव्वद वर्षांनी कागदही गिळून बसलेत. त्यांनी दार वाजवलं ते जवळजवळ ठोसाच होता.

फादर हॉलम खिडकीशी बसले होते. गुडघ्यावर घोंगडी आणि घोंगडीवर ते रजिस्टर.

"फाईल तुम्ही नेलीत?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "नेऊन लपवू कुणापासून? सोसायटीचे आम्ही सहाच पाद्री उरलोत. सगळ्यात तरुण मी, एकोणऐंशीचा. ऑक्टोबरात आम्हाला वृद्धाश्रमात हलवतील. लाज वाटायला तरी मागे कुणी लागतं ना."

"मग हे रजिस्टर का दाबून बसलात?"

"रोज सकाळी यातली दहा नावं वाचून प्रार्थना करतो. दुसरं कुणी करणार नाही. खाली दिलं तर ते खोक्यात जाईल आणि खोकं कुठल्या तरी गोदामात."

बाईंचा राग एकदम बसला, आणि राग बसला की उरतो तो नुसता थकवा. त्या समोरच्या खुर्चीत टेकल्या. हॉलमनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. नावं लॅटिन वळणाची, पण कळण्यासारखी. शेजारी पेन्सिलीनं नंबर, खोडलेले, पुन्हा लिहिलेले, पुन्हा खोडलेले.

"हे इतकं गिचमिड का?"

"नंबर म्हणजे रांगेतली जागा. मधला कुणी गेला की खालचे सगळे एकेक पाऊल वर सरकायचे. चौदावा गेला, की पंधराव्यानं चौदाव्याच्या जागी उभं राहायचं. कपड्यांवरचे आकडे उसवून पुन्हा भरायचे. फायली मात्र तशाच राहायच्या. दाखल होताना पडलेला नंबर तोच कायम."

धम्मशीलाबाईंनी पिशवीतून पंचा काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चारच्या भोवतीची भोकं कसरीची नव्हतीच. तिथं आधी दुसरा आकडा भरलेला होता, आणि भोकांवरून बोट फिरवलं की पाच सरळ दिसत होता.

हॉलमचं बोट रजिस्टरात एका ओळीवर थांबलं होतं. लूकस पातारे, दाखल १९३५, नंबर पंधरा. त्याच्या वरची ओळ होती याकोब शेलार, नंबर चौदा. जून १९३६ मध्ये काढून टाकला.

"म्हणजे चोरीला गेली ती आमच्या लूकसची फाईलच नव्हे," बाई पुटपुटल्या.

"नाही," हॉलम म्हणाले. "ती खालीच असेल."

४

पंधरा नंबरची फाईल त्या दिवसभर त्यांच्या नाकासमोर पडली होती. जोनबाईंनी फीत सोडली. वर लूकसच्या दरमहाच्या चिठ्ठ्या, शाळकरी इंग्रजीत. मार्च १९३६: माझा सोबती नंबर चौदा, त्याची चूक मला दिसली नाही. एप्रिल: दिसली नाही. त्यावर रेक्टरचा लाल शेरा, कोरी चिठ्ठी हा अहंकार आहे. मे महिन्याची चिठ्ठी बाईंनी दोनदा वाचली.

"नंबर चौदाला मी चांदीचा पेला घेऊन विहिरीकडे जाताना पाहिलं. हे मी त्याच्या भल्यासाठी लिहितो."

जूनमध्ये याकोबला काढलं. त्यानंतर सात महिने या प्रकरणाबद्दल काही नाही. मग जानेवारी १९३७ चं पत्र. "फादर, मी काही पाहिलं नव्हतं. पेला सापडत नाही असं सगळे बोलत होते. मला काहीतरी लिहायचं होतं, म्हणून तेच लिहिलं. आता याकोब वारल्याचं कळलं. मला सगळ्यांसमोर सांगू द्या."

खाली रेक्टरचं वळणदार अक्षर. पेला पुण्याच्या कारागिराकडून मुलामा होऊन परत आला आहे. उपरेक्टरनी मला न विचारता पाठवला होता. प्रकरण उकरण्यानं शिस्त बिघडेल. लूकसनं मौन पाळावं. आठवड्यानं लूकस आपणहून निघून गेल्याची नोंद होती.

जोनबाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. रघुवीर दारात येऊन उभा होता.

"रजिस्टरात याकोबच्या पुढे काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नोव्हेंबर छत्तीस. त्याच्या गावच्या विहिरीत बुडून," बाई म्हणाल्या. जातीवरून हाकललं असतं तर निदान दात-ओठ खाता आले असते. इथं आपल्याच पोरानं आपल्याच पोराला बुडवलं होतं, तेही महिनाअखेरीची एक चिठ्ठी भरायची म्हणून.

पण चौदा कुणी नेली? आता बाईंचं डोकं रेकॉर्ड्समधल्या सवयीनं चालू लागलं. हॉलमकडे रजिस्टर होतं. लूकसची फाईल गायब करायची असती तर त्यांनी पंधरा नेली असती. जोनबाईंना लूकसचा नंबर आज पंचा बघेपर्यंत ठाऊकच नव्हता. रघुवीरलाही नाही, आणि त्याला हवी असती तर फोटो काढून मोकळा झाला असता. चौदा नेणारा माणूस एकाच गोष्टीवर विसंबला होता, ती म्हणजे हा पंचा. आणि पंचा वर्षानुवर्षं एकाच घरात होता.

"जोन," त्या एकदम वळल्या. "ती ॲशवर्थबाई. गोरी होती का?"

जोनबाईंचा चेहरा पुन्हा लाल झाला. "असं कुणाबद्दल बोलणं मला बरं वाटत नाही."

"अहो, कोटाचा रंग सांगितलात ना!"

"नव्हती," जोनबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्यासारखीच होती."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉटिंगहॅमच्या वॉर्डात भीमराव डोळे मिटून पडले होते. उशाशी पांढरा बोर्ड, त्यावर नर्सनं लिहिलेलं पेशंटचं नाव, काय खातात, काय नाही. शेवटची ओळ: जवळची नातेवाईक, टी. ॲशवर्थ, मुलगी. चार महिने बाई या बोर्डासमोर बसत आल्या होत्या. भीमरावांच्या मुलीनं, तनूनं, इंग्रज नवरा केला, सोडला, एवढं साऱ्या समाजाला माहीत होतं. त्याचं आडनाव तिच्यापाशी राहिलंय याचा विचार कुणी केला नव्हता. सगळ्यांसाठी ती तनूच.

तनू खाली कँटीनमध्ये सापडली. निळा कोट खुर्चीच्या पाठीवर.

"फाईल कुठं आहे, तनू?"

तिनं कॉफीचा कप खाली ठेवला. नाटक केलं नाही. "शीलामावशी, मी बाबासाठी केला ते."

"काय केलंस?"

"मला भीती होता की आजोबा खरंच चोर असेल. म्हणून आधी मी गेली बघायला. त्या फाईलमध्ये वरच इंग्लिशमध्ये होता, नंबर फोर्टीन, डिसमिस्ड फॉर थेफ्ट. आजोबाचा टॉवेलवर पण फोर्टीन." तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बाबाने लास्ट वीकमध्ये हे ऐकायचा? आय कुडन्ट. मी बॅगमध्ये टाकला. फाईल नाही मिळाला तर तो होप ठेवूनच जाईल, असा वाटला मला."

"आता कुठं आहे?"

"ऑफिसला." तनू मिल्टन कीन्सच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला होती. "कॉन्फिडेन्शियल वेस्टच्या सॅकमध्ये. फ्रायडेला लॉरी येते."

धम्मशीलाबाईंना पुढचं सांगायला नको होतं. असल्या गोण्या त्यांनी स्वतः शेकड्यांनी भरून दिल्या होत्या. तासाभरात त्यातल्या कागदांचा यंत्रात भुसा होतो, आणि पाच दिवसांपूर्वीच्या भुशातून कुणी काही काढत नाही.

"ती तुझ्या आजोबांची फाईल नव्हती गं," त्या म्हणाल्या. आणि मग सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. तनू ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचं वय वाढल्यासारखं दिसत होतं.

"मग बाबाला सांगू नकोस ना," ती शेवटी म्हणाली. "सांग फक्त चोर नव्हता. तेवढाच विचारला त्याने. इट्स ट्रू."

खरं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं, आणि लिफ्टमध्ये बाईंनी तेवढंच सांगायचं ठरवलंही.

६

"चोर नव्हते, दादा," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "पेला चोरीला गेलाच नव्हता. पुण्याला मुलामा द्यायला धाडला होता."

भीमरावांचे डोळे भरून आले. तनूनं त्यांचा हात धरला होता.

"मग हाकललं का?" त्यांनी विचारलं.

"हाकललं नाही. आपणहून निघाले."

"का?"

बाईंनी पांघरुणाची कड सारखी केली. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या केसपेपरातलं एक पान कधी लपवलं नव्हतं.

"शीला, बहीण म्हणतो तुला मी. माझ्याशी लबाडी करू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. कोऱ्या चिठ्ठ्या, लाल शेरा, मे महिन्याची ओळ, याकोब, विहीर. आवाज मध्येच फाटला, पण सगळं सांगितलं.

"म्हणजे चोर म्हणवून घेतलं त्यानं जन्मभर," भीमराव शेवटी म्हणाले. "मुद्दाम. शिक्षा म्हणून. अरे बापा! त्यापेक्षा चोर असतास तर बरं झालं असतं रे." श्वास जड झाला होता. "त्या याकोबनं काहीच म्हटलं नाही का? काहीतरी लिहिलं असेल त्यानं. त्याच्या फाईलीत काय होतं?"

मग तनू म्हणाली, "बाबा, मी फेकून दिला तो. मला वाटला ते आजोबाचा आहे."

त्यांनी मुलीकडे बघितलं. रागानं नव्हे, राग करायला लागते ती ताकदच उरली नव्हती. "काय होतं त्यात?"

"वर इंग्लिश पान. आणि मागे चार पान होता, दोन्ही साईडला. निळी शाई. मराठीत."

"मराठीत," भीमराव म्हणाले.

धम्मशीलाबाईंना तत्क्षणी कळलं. रेक्टरशी पोरं इंग्रजीत बोलत. मराठीत पोरगा लिहिणार फक्त घरी. पत्रं उघडी द्यावी लागत, रेक्टर ती वाचून मग पाठवी. ही चार पानं रेक्टरनं पाठवलीच नव्हती. जून छत्तीसमध्ये याकोबनं आपल्या माणसांना जे काही सांगायचं होतं, ते नव्वद वर्षं त्या खोक्यात पडून होतं.

"काय लिहिलं होतं, तनू?"

"मला वाचता येत नाही ना, बाबा." ती आता मोकळी रडत होती. "तुम्हीच म्हणायचा, हिला इंग्लिश नीट येऊ दे आधी. मी तो पान बघितला पण नाही नीट."

"माझंच चुकलं," ते म्हणाले. मग त्यांनी बाईंकडे हात केला. "पेन दे तिला. कागद दे. तनू, पहिली ओळ आठव. वाचू नकोस, नुसती दिसली तशी काढ."

"मला नाही येणार."

"काढ, बाळा. आईला लिहिलं असेल तर मला कळेल."

जेवणाच्या मेनूकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तनूनं पेन टेकवलं. आधी वरची आडवी रेघ ओढली, लांबच लांब. मग तिच्याखाली काही उभ्या रेघा, एक गोल, एक आकडी, पुन्हा एक उभी रेघ. पुढे तिला काही आठवेना. तिनं कार्ड वडिलांच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि भीमराव चष्मा सावरून ते वाचायचा प्रयत्न करत राहिले.